अ‍ॅम्प निवडण्याआधी घरातली लाइन बघ

तू पाठवलेली यादी मी नीट वाचली. सगळ्यात वर मार्शलचा ९२००, मग व्हीएचटीचा टू-नाइन्टी-टू, मेसा बूगीचा टू-नाइन्टी, आणि तळाशी संकोचून लिहिल्यासारखा पीव्हीचा क्लासिक. तू वॅट बघून नावं लावली आहेस, हे लगेच कळलं. फोनवरही म्हणालीस, "ताई, एवढा पैसा घालायचाच तर एकदाच मोठा घ्यावा ना." तुझी हौस मला समजते. रॅक उभा राहिला, प्रीअ‍ॅम्प आला, इफेक्टचा प्रोसेसर आला, आणि आता खालचं रिकामं घर डोळ्यांना खुपतंय. पण बाई, पॉवर अ‍ॅम्प निवडताना मी वॅट चौथ्या-पाचव्या प्रश्नाला विचारीन. पहिला प्रश्न नाकाडोंगरीच्या आपल्या घरातल्या प्लगमध्ये किती व्होल्ट येतात, हा.

आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. उन्हाळी धानाच्या दिवसांत एकाच डीपीवर सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की पंखा कसा मंदावतो, ते तू लहानपणापासून बघतेस. रात्री उशिरा मोटारी बंद पडल्या की तोच बल्ब जास्तच उजळतो. पंख्याला हे चालतं. ट्यूबला चालत नाही. प्रत्येक ट्यूबच्या पोटात एक तापणारा तंतू असतो, त्याला ६.३ व्होल्ट लागतात, आणि अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ते घरच्या व्होल्टेजच्या प्रमाणातच देतो. प्लगमध्ये १९० आले तर तंतूला मिळतात ५.२. त्याने तापवायचा कॅथोड पुरेसा तापत नाही, आवाज बसतो, सुराचा दम जातो, आणि रोज असंच चाललं तर ट्यूबचं आयुष्यही घटतं. उलट २६० आले तर ७.१ होतात, तेही वाईटच. ट्यूब बनवणारे साधारण दहा टक्के इकडेतिकडे मान्य करतात, म्हणजे ५.७ ते ६.९. आपली लाइन त्या चौकटीत बसते की नाही, हे तुलाच मोजावं लागेल.

तुमसरला गेलीस की एक साधा डिजिटल मीटर आण. सकाळी, संध्याकाळी मोटारी चालू असताना, आणि रात्री सगळं शांत झाल्यावर व्होल्टेज बघ आणि वहीत लिही. सर्वात कमी आणि सर्वात जास्त असे दोन आकडे मला कळव. मी जे पुढे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या दोन आकड्यांवर ठरेल.

आता बघ, याच गोष्टीवरून ट्यूब कोणती घ्यावी हेही ठरतं. ईएल-८४ ही छोटी ट्यूब. व्हॉक्सच्या एसी-३० मध्ये तीच असते. मार्शलचा आणि मेसा बूगीचा असे दोन्ही ट्वेंटी-ट्वेंटी तिच्यावरच चालतात. पीव्हीचा क्लासिक फिफ्टी-फिफ्टीही तिच्यावरच, त्यात आठ ईएल-८४ बसवलेल्या. आवाज गोड, वरच्या बाजूला खणखणीत, आणि थोडं वाढवलं की लवकर फाटतो, ज्यांना तो फाटका सूर आवडतो त्यांना फार आवडतो. पण तिच्या प्लेटची मर्यादा ३०० व्होल्टची, आणि बऱ्याच गिटार अ‍ॅम्पमध्ये तिला आधीच त्याच्या वर चालवतात. समज, एखाद्या अ‍ॅम्पमध्ये ती ३३० वर चालते. आपल्याकडे रात्री २६० आले की तीच प्लेट ३७० च्या पुढे गेली. ती ट्यूब बिचारी किती दिवस काढेल?

६एल६ची गोष्ट वेगळी. ही १९३६ साली अमेरिकेच्या आरसीएने आणलेली ट्यूब, फेंडरच्या मोठ्या अ‍ॅम्पमुळे गिटारवाल्यांच्या ओळखीची झालेली. तिचं आजचं रूप ६एल६जीसी. त्याची मर्यादा ५०० व्होल्टची आणि ते ३० वॅट उष्णता पचवू शकतं. ४३० वर चालणारा अ‍ॅम्प लाइन वाढल्यावर ४८६ ला पोचला तरी मर्यादेच्या आत राहतो. तिचा खर्ज घट्ट आणि आवाज स्वच्छ. ईएल-३४ मधल्या पट्टीत जोरदार, मार्शलचा तो ओरखडा देणारा आवाज तिचाच, पण तिचा तंतू एकटाच दीड अँपिअर खातो. केटी-८८ त्याहून दांडगी, तुझ्या यादीतल्या टू-नाइन्टी-टूमध्ये तीच.

तू काय वाजवतेस ते आठव. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावचे मेळे, लागले की रात्रीच्या कार्यक्रमांत, गणपतीत आणि लग्नात. शेजारी ऑक्टापॅड, कीबोर्ड, ढोलक. जुनी हिंदी गाणी, मराठी लावणीच्या चाली, मधूनच एखादा रॉकचा तुकडा. फाटका आवाज हवा तेव्हा तो तुझ्या प्रीअ‍ॅम्पमधूनच येतो. त्याच्या खाली पुन्हा लवकर फाटणारा पॉवर अ‍ॅम्प लावलास, तर स्वच्छ पिकिंगच्या गाण्यातही तो आपली घुसळण करील, आणि प्रोसेसरमधून इतक्या मेहनतीने बसवलेला डिले त्यात चिखल होईल. म्हणून तुझ्यासाठी माझं मत ६एल६च्या बाजूने आहे, दोन्ही बाजूंना पन्नास-साठ वॅट. तिची ताकद राखीव राहते आणि ती लाइनीचे चढउतारही सोसते.

आता वॅटबद्दल, कारण तुझ्या मनातून ते गेलेले नाहीत हे मला माहीत आहे. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५० चा ९० केलास तर फरक अडीच डेसिबलच्या आसपास. जवळजवळ तेवढाच फरक स्पीकर बदलूनही पडतो. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅकची संवेदनशीलता ९८ डेसिबल आणि व्हिंटेज-३० ची १००, म्हणजे स्पीकर नुसता बदलला की २ डेसिबल फुकट मिळाले. शिवाय मंडईत तुझ्या कॅबिनेटसमोर माइक लागतोच, किंवा साऊंडवाला तुझ्या प्रोसेसरमधून सरळ लाइन घेतो. पाचशे माणसांपर्यंत आवाज पोचवणं त्याचं काम आहे, तुझ्या अ‍ॅम्पचं नाही. तुझ्या अ‍ॅम्पने तुला आणि तुझ्या साथीदारांना ऐकू यावं, आणि माइकला चांगला आवाज द्यावा, एवढंच बघ.

एक गोष्ट मात्र हवीच. प्रोसेसरमधून साऊंडवाल्याला जी लाइन जाते तिच्यात कॅबिनेटची नक्कल चालू ठेव, आणि जी पॉवर अ‍ॅम्पकडे जाते तिच्यात बंद. नाहीतर खऱ्या कॅबिनेटवर पुन्हा कॅबिनेट चढतं आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो.

स्टिरिओ हवाच का, असंही मी विचारणार आहे. दोन कॅबिनेटमध्ये चार-सहा फुटांचं अंतर असलं आणि तू मधे उभी असलीस, तर कोरस आणि दोन्हीकडे उड्या मारणारा डिले ऐकताना जो आनंद होतो तो खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण आपल्या मंडपात बायका एका बाजूला बसतात आणि पुरुष दुसऱ्या. डिलेचा अर्धा भाग डावीकडे आणि अर्धा उजवीकडे टाकलास, तर पुढच्या रांगांतल्या दोघांनाही अर्धंच गाणं ऐकू जाईल. त्यात साऊंडवाल्याचा मिक्सर बहुतेक वेळा मोनोच चालवलेला असतो. म्हणून मूळ आवाज दोन्ही कॅबिनेटमध्ये सारखा ठेव, आणि कोरस-डिलेची झाक दोन्हीकडे थोडी वेगळी, तीही हलकी. एवढ्याने रुंदी मिळते आणि कुणाचं काही हरवत नाही.

तरीही स्टिरिओच घे म्हणते, त्याचं माझं कारण दुसरं आहे. नागपूरपासून दूर, रात्री अकराला, भर कार्यक्रमात एक ट्यूब मेली तर काय करशील? दोन चॅनलचा अ‍ॅम्प असला तर मेलेल्या बाजूचा स्विच बंद करायचा आणि दुसऱ्या बाजूवर गाणं पूर्ण करायचं. बऱ्याच अशा अ‍ॅम्पमध्ये दोन्ही चॅनलची बटणं वेगळी असतात, काहींत स्टँडबायही वेगळा. घेताना हे बघ. अशा दूरच्या जागी वाजवणारीला ही दुसरी बाजू राखीव अ‍ॅम्प म्हणूनच फार मोलाची.

आता वजन. ट्यूबच्या स्टिरिओ अ‍ॅम्पमध्ये तीन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात, एक पुरवठ्याचा आणि दोन आउटपुटचे, आणि लोखंड हलकं होत नाही. ५० अधिक ५० चा अ‍ॅम्प पंधरा-सोळा किलोचा, तुझ्या यादीतला टू-नाइन्टी-टू वीसच्या घरातला. त्यावर प्रीअ‍ॅम्प, प्रोसेसर, पेटी. छोट्या हत्ती टेम्पोत चढवायला दोन माणसं लागणारच, आणि ती दोन माणसं प्रत्येक कार्यक्रमाला मिळतील का, याचा विचार आत्ता कर. अ‍ॅम्प रॅकमध्ये सगळ्यात खाली बसव, आणि नुसत्या पुढच्या चार स्क्रूंवर लटकवू नकोस. मागूनही पट्टी किंवा फळीचा आधार दे, नाहीतर गोबरवाहीच्या रस्त्याला एवढं वजन समोरचा पत्रा वाकवील. ट्यूब सॉकेटमधून निसटू नयेत म्हणून वर स्प्रिंगच्या टोप्या असतात, त्या आहेत का बघ. पार्सलने मागवलास तर ट्यूब काढून वेगळ्या गुंडाळून पाठवायला सांग.

उष्णतेचंही तसंच. चार ईएल-३४ चे नुसते तंतूच ३८ वॅट खातात, बाकीची उष्णता त्यावर. ६एल६च्या चारांचे तंतू त्याच्या साठ टक्केच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि मंडपावर पत्रे असतात, मग आत काय होत असेल. अ‍ॅम्पच्या वर एक घर रिकामं ठेव, त्याला जाळीची पट्टी लाव, मागचं झाकण वाजवताना उघडं राहू दे. छोटा पंखा बसवता आला तर उत्तमच.

आता खरी अडचण. यातले बहुतेक अ‍ॅम्प आता नवे बनत नाहीत. रॅकचा जमाना होता तो १९८० चं दशक संपताना आणि ९० च्या सुरुवातीचा. एडीएचा एमपी-१ हा प्रीअ‍ॅम्प १९८७ चा, मार्शलचा जेएमपी-१ हा १९९२ चा. त्यांच्या खाली लावायला हे पॉवर अ‍ॅम्प आले. म्हणजे तू जे घेशील ते बहुतेक बरीच वर्षं जुनं असेल. जुनं म्हणजे वाईट असं नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्यायला हवं. मी तुझ्या जागी असते तर हे चार शोधले असते: मेसा बूगीचा फिफ्टी-फिफ्टी, मार्शलचा ९१००, पीव्हीचा क्लासिक सिक्स्टी-सिक्स्टी आणि रँडॉलचा आरटी टू-फिफ्टी. ९१०० मध्ये ५८८१ आहेत, त्या ६एल६च्याच घराण्यातल्या. बाकीच्या तिन्हींत ६एल६च. हातात जे चांगल्या अवस्थेत सापडेल ते घे, नावावर अडू नकोस.

मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते आधी वाच. अमेरिकेहून आलेल्या अ‍ॅम्पवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं असतं. व्होल्ट उतरवायला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. आपली लाइन ५० ची. फक्त ६० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, कारण त्याच्या लोखंडात चुंबकत्व पाचव्या हिश्शाने वाढतं. उन्हाळ्यात तर विचारूच नकोस. पाटीवर ५०/६० असेल तर स्टेप-डाऊन लावून चालवता येईल, ५०० व्हीएपेक्षा लहान नको. आणि २३० किंवा २४० ची पाटी असेल, युरोपातून आलेला असेल, तर सगळ्यात बरं. मार्शल त्यामुळेच मला तुझ्यासाठी थोडा उजवा वाटतो. लाइनीसाठी सर्व्हो स्टॅबिलायझर घे, एक केव्हीएचा. रिलेवाला स्वस्त असतो, पण तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो, आणि प्रत्येक उडीला तुझ्या कॅबिनेटमध्ये टक्क वाजेल.

बघायला जाशील तेव्हा बाबांना किंवा कुणालातरी बरोबर ने, आणि घाई करू नकोस. आधी अ‍ॅम्प बंद असताना नाक लाव. जळल्याचा वास ट्रान्सफॉर्मरमध्ये वर्षानुवर्षं राहतो. फ्यूज काढून बघ. आकडा मागच्या पाटीशी जुळतो का, की आत कुणी तार गुंडाळून ठेवली आहे? तार सापडली तर तिथूनच परत ये, कारण त्या अ‍ॅम्पमध्ये एकदा काहीतरी जळलं होतं आणि कुणीतरी कारण न शोधता पुढे चालवला. ट्यूबच्या सॉकेटभोवती तपकिरी डाग आहेत का, मोठे कंडेन्सर फुगलेत का, हे विचार आणि जमलं तर बघ. कंडेन्सर कधी बदलले हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा कर.

चालू करण्याआधी विचार, सिरीज लॅम्प आहे का. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, १०० वॅटचा बल्ब ओळीत लावलेला. अ‍ॅम्प लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बंद कर. मग स्पीकर दोन्ही बाजूंना जोडून सरळ लाइनीवर चालव. आणि हे मनात पक्कं कोरून घे: ट्यूबचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालवायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला चालतं, याला नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि त्याची आतली गुंडाळी फुटते. तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्या अ‍ॅम्पचा जीव, बाकी सगळं बदलता येतं.

खोलीतले दिवे बंद करून ट्यूबकडे बघ. तंतू नारिंगी दिसणारच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नकोस, चांगल्या ट्यूबमध्येही ती असते. पण राखाडी प्लेट लाल होताना दिसली तर लगेच बंद. लहान ट्यूबवर पेन्सिलीने हलकंच टिचक. घणघण वाजली तर ती ट्यूब बदलावी लागेल, पण तो मोठा खर्च नाही. एका बाजूला आवाज कमी येत असेल तर दोन्हीकडच्या पॉवर ट्यूब अदलाबदल करून बघायला सांग. दोष ट्यूबबरोबर गेला तर सुटलीस, त्याच बाजूला राहिला तर दोष आतला आहे. पॉवर ट्यूब नेहमी जुळवलेल्या जोडीनेच घ्यायच्या, बैलजोडीसारख्या. एक दमाची आणि दुसरी थकलेली असली की सगळं ओझं एकीवर येतं. आणि जोडी बदलली की बायस, म्हणजे ट्यूबचा स्थिर करंट, तपासून घ्यायचा, ज्या अ‍ॅम्पमध्ये तो हाताने लावता येतो त्यात तर नक्कीच.

ही कामं तू स्वतः करू नकोस. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट बसलेले असतात, आणि ते तासन्‌तास तिथेच राहू शकतात. दुरुस्तीला कुणाकडे जायचं, हा विचार अ‍ॅम्प घेण्याआधी कर. तुमसर-भंडाऱ्यात आता बहुतेक मेकॅनिक बोर्ड बदलणारे. पण ज्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले असे एखाद-दुसरे आजोबा अजून असतात. त्यांच्याशी बोलताना १२एएक्स७ म्हणू नकोस, ईसीसी-८३ म्हण. ट्यूब तीच, नाव युरोपातलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती लगेच येईल. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी असे व्हॉल्व्ह बनवायची, ठाण्याच्या मर्फीचे रेडिओ घरोघरी होते, तेव्हा हे ज्ञान गावागावांत होतं. आज ते हातात धरून ठेवणाऱ्यांची विचारपूस करायला उशीर करू नये. नाहीच कुणी सापडलं तर नागपूर, आणि शेवटी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग.

अ‍ॅम्पबरोबरच ट्यूबचा एक पूर्ण सुटा संच घे: जुळवलेल्या चार ६एल६ आणि दोन ईसीसी-८३. जगात आता त्या बनवणारे कारखाने मोजकेच उरलेत, रशियातल्या साराटोव्हचा, स्लोव्हाकियातला जेजे, आणि चीनमधले. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा जगभरात ट्यूबचे भाव उसळले आणि लोक साठा करायला धावले. काही महिन्यांत माल पुन्हा यायला लागला, पण तेव्हा ज्यांच्या पेटीत सुटा संच होता त्यांचे कार्यक्रम थांबले नाहीत.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी. कॅबिनेटवर ८ ओम लिहिलं असेल तर अ‍ॅम्पच्या ८ च्याच सॉकेटमध्ये लाव, १६ असेल तर १६ च्या. आणि गिटारची वायर स्पीकरला लावू नकोस, दिसायला सारखी असली तरी. आत फरक असतो, ती बारीक असते आणि तापते. स्पीकरच्या वॅटला थोडी मोकळीक ठेव. ५० च्या बाजूला ६० चा एकच स्पीकर अगदी काठावर येतो, कारण अ‍ॅम्प फाटायला लागला की तो पाटीवरच्यापेक्षा जास्त देतो. प्रत्येक कॅबिनेटमध्ये दोन असतील तर निर्धास्त.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. मंडपात अर्थिंग नसतं, किंवा नावाला असतं. गुणगुण येते म्हणून कुणीतरी म्हणेल, "ताई, तिसरी पिन काढून टाका, आवाज साफ होतो." काढू देऊ नकोस. तुझ्या गिटारच्या तारा त्या अर्थशी जोडलेल्या असतात. गिटार एका लाइनीवर आणि माइक दुसऱ्या, आणि त्यातली एक बिघडलेली असली, की तुझे ओठ माइकला लागताच तुझ्या अंगातून करंट जातो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे असाच गेला, हात अर्थिंग नसलेल्या माइकला लागला आणि गळ्यात गिटार होती. म्हणून तुझा रॅक, मिक्सर आणि माइकचा सगळा पुरवठा एकाच बोर्डवरून घ्यायचा हट्ट धर, आणि स्वतःचा एक ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर ठेव. गाणं सुरू करण्याआधी माइकच्या जाळीपासून गिटारच्या ब्रिजपर्यंत मीटरने व्होल्टेज मोज. शून्याच्या जवळ नसेल तर गायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत. गुणगुण घालवायची असेल तर दोन यंत्रांच्या मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर लाव, तो त्याच कामाचा आहे.

जनरेटरवर वाजवायची वेळ आली तर स्टॅबिलायझर त्याच्या पुढे, अ‍ॅम्पच्या आधी, आणि हॅलोजनचे मोठे दिवे दुसऱ्या फेजवर टाकायला डेकोरेशनवाल्याला सांग. जनरेटर सुरू होताना किंवा बंद होताना अ‍ॅम्प चालू नको. आधी जनरेटर स्थिर होऊ दे, मग अ‍ॅम्प, मग मिनिटभराने स्टँडबाय.

पैशाचं बाबांशी मी बोलते. धानाचा पैसा यायच्या आधी मंडया सुरू होतात, त्यामुळे या वर्षीच्या मंडईसाठी घाईत काही घेऊ नकोस. तोपर्यंत भाड्याने एखादा ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प लाव, रॉकट्रॉनची व्हेलॉसिटी किंवा तत्सम काहीही चालेल, आणि त्यावर तुझा प्रोसेसर आणि दोन्ही कॅबिनेट कसे वाजतात ते रोज ऐक. त्या आवाजात तुला नेमकं काय कमी वाटतं, ते वहीत लिही. नुसता "ट्यूबचा आवाज हवा" असं नको. "तार जोरात वाजवली की ती थोडी दबून उठावी असं वाटतं", असं काहीतरी. ते लिहिता आलं की कोणता अ‍ॅम्प घ्यायचा हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि जो कुणी विकायला काढेल, त्याला आगाऊ रक्कम देण्याआधी मला दोन फोटो पाठव, एक मागच्या पाटीचा आणि एक वरचा पत्रा काढलेला, विकणाऱ्याने स्वतः काढून घेतलेला. व्होल्टेजचे तुझे दोन आकडे त्यांच्याबरोबरच पाठव. ते सगळं हातात आल्यावर मी रविवारी फोन करते, मग आपण नीट बसून ठरवू.